बाग किती दिवसांची झाली?

द्राक्ष बागायतदारांसाठी नाशिकमध्ये तयार झालेल्या एका अ‍ॅपचं हे प्रकरण आहे. कंपनी छोटी, गंगापूर रोडवर ऑफिस, मोजकी माणसं. नाव इथे देत नाही. अ‍ॅपमध्ये चार गोष्टी होत्या: हवामानाचा अंदाज, रोग-किडींची माहिती, फवारणीचं वेळापत्रक आणि फवारणीची नोंदवही. वापराची आकडेवारी तपासण्यासाठी त्यांनी मला बोलावलं. तक्रार एकच होती: लोक येतात, पण टिकत नाहीत.

सप्टेंबर उजाडला की डाउनलोड वाढत. निफाड, दिंडोरी, चांदवड, सगळीकडे फळांसाठीच्या ऑक्टोबर छाटणीची लगबग सुरू झालेली असते आणि पहिल्या फवारणीआधी माणूस सल्ला शोधतोच. दिवाळीपर्यंत आलेख चढा राही. मग तो उतरायला लागे, फेब्रुवारीत घसरे आणि मे-जूनमध्ये जवळपास सपाट होई. पुढच्या सप्टेंबरला पुन्हा नवे लोक. म्हणजे दर वर्षी जाहिरातीवर पैसे घालून नवी माणसं आणायची आणि उन्हाळ्यात ती गमवायची. पैसे लावणाऱ्यांना हे पटण्यासारखं नव्हतंच.

टीम मोजत होती ती पद्धत अ‍ॅपच्या धंद्यात सगळीकडे चालते. समजा १ ऑक्टोबरला १०० जणांनी अ‍ॅप घेतलं आणि त्यातल्या ४० जणांनी ८ तारखेला ते उघडलं, तर सातव्या दिवसाचं टिकण्याचं प्रमाण ४० टक्के. पहिला दिवस, सातवा दिवस, तिसावा दिवस, असे तीन टप्पे पाहायचे. शिवाय महिनाभरात येणाऱ्यांपैकी रोज किती येतात, तेही पाहायचं. गप्पांचं, बातम्यांचं किंवा खेळाचं अ‍ॅप असेल तर हे माप बरोबर आहे, कारण तिथे रोज येणं हाच वापर असतो. इथेही तेच माप लावलं गेलं आणि त्यातून उपायही तसाच निघाला: माणसाला रोज आणा.

सकाळी सातला ‘शुभ सकाळ’ आणि आजचं तापमान. दुपारी द्राक्षावरचा एक प्रश्न, बरोबर उत्तराला गुण. सलग दिवस अ‍ॅप उघडलं तर बिल्ला. संध्याकाळी एखाद्या औषधाची किंवा विद्राव्य खताची जाहिरात. सुरुवातीला उघडणाऱ्यांची संख्या वाढली आणि ऑफिसात आनंद झाला. थोड्याच दिवसांत ती आधीपेक्षा खाली गेली आणि नोटिफिकेशन बंद करणारे वाढले.

यामागे अँड्रॉइडची रचना आहे, म्हणून थोडं तपशिलात सांगते. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून अ‍ॅपला आपल्या सूचनांचे वेगवेगळे चॅनेल करता येतात आणि वापरणाऱ्याला त्यातला नको तो बंद करता येतो. या अ‍ॅपने सगळ्या सूचना एकाच चॅनेलवर टाकल्या होत्या. जाहिरातीला कंटाळून कुणी तो बंद केला की पानांवर आणि घडांवर येणाऱ्या डाऊनी रोगाचा इशाराही बंद. दुसरी गोष्ट, २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नव्याने घेतलेल्या अ‍ॅपला सूचना पाठवण्याआधी परवानगी मागावीच लागते आणि दोनदा नकार मिळाला की फोन तो प्रश्न पुन्हा दाखवत नाही. मग माणसाला स्वतःहून सेटिंगमध्ये शिरावं लागतं, आणि तिथे कोण जातं? हे अ‍ॅप उघडताक्षणी, पहिल्याच पडद्यावर परवानगी मागत होतं. समोरच्याने अजून बागेचं नावही टाकलेलं नाही, त्याने ‘हो’ कशासाठी म्हणायचं?

त्यात बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप्स परस्पर बंद करणारे फोन. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नसेल तर अ‍ॅपने स्वतः लावलेली आठवण वेळेवर वाजेलच असं नाही. ‘आम्ही पाठवलं’ आणि ‘त्याला दिसलं’ या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे, ते ऑफिसच्या आकडेवारीत कुठेच दिसत नव्हतं.

तरीही मला वाटतं, हे सगळं दुरुस्त करूनही मूळ दुखणं राहिलंच असतं. ते लक्षात आलं पिंपळगाव बसवंतच्या पुढे, थॉमसन जातीच्या द्राक्षांच्या एका बागेत.

बागेच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये फवारणीचा ब्लोअर, औषधांचे रिकामे डबे आणि खिळ्याला टांगलेलं दिनदर्शिकेचं पान. त्या पानावर प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेनाने बारीक आकडे लिहिलेले होते: ३१, ३२, ३३, ३४. काही चौकोनांत आकड्याखाली औषधाचं नाव आणि किती टँक मारले तेही. हे आकडे छाटणीपासूनच्या दिवसांचे. शेजारच्या बांधावरून एक गृहस्थ आले, त्यांनी रामराम घालून पहिला प्रश्न तोच विचारला, “किती दिवसांची झाली?” उत्तर आलं, “चौतीस. उद्या-परवा फुलोऱ्यात येईल.” एवढ्यावर दोघांचं पुढचं बोलणं सुरू झालं. आज कोणती तारीख आहे, हे कुणीही विचारलं नाही.

बागायतदाराचं घड्याळ छाटणीला सुरू होतं. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, फुटण्यासाठी पेस्ट, मग आठ-दहा दिवसांनी डोळे फुगून पोंगा, पुढे घड नसलेल्या फेलफुटी काढायच्या, घड मोजायचे, पस्तीस-चाळीस दिवसांच्या आसपास फुलोरा, मग मणी धरले, म्हणजे सेट झाले, की जीए या संजीवकात घड बुडवायचे (डिपिंग), मणी विरळ करायचे (थिनिंग), पुढे मणी मऊ पडून त्यात पाणी उतरणं आणि साधारण एकशेवीस ते एकशेचाळीस दिवसांत काढणी. वाण, थंडी आणि पाऊस यांप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण क्रम हाच. या प्रत्येक टप्प्यावर काय करायचं, काय टाळायचं, कशाची भीती, हे वेगळं असतं. आणि एकाच माणसाचे तीन प्लॉट असतील, तर तिन्ही वेगवेगळ्या दिवसांचे असू शकतात. छाटणीची टोळी एकच असते, ती एका दिवसात सगळीकडे पोचत नाही.

त्या बागेतले काका अ‍ॅपबद्दल बोलले ते असं: “ताई, तुमचं अ‍ॅप मला रोज विचारतं, आज काय केलं म्हणून. रोज काय करायचं असतं बागेत? ज्या दिवशी करायचं असतं त्या दिवशी त्याला पत्ता नसतो.” दहा दिवसांपूर्वी पहाटे दव आणि ढगाळ हवा असताना त्यांनी रात्रीत फवारणी उरकली होती. त्या सकाळी अ‍ॅपने त्यांना प्रश्नमंजूषा पाठवली होती.

पुढचं सगळं काम या एका बदलावर उभं राहिलं: अ‍ॅपचा शून्यावा दिवस म्हणजे छाटणीचा दिवस. अ‍ॅप फोनमध्ये आल्याच्या तारखेला हिशेबात काही जागा उरली नाही. नाव-गाव विचारण्याआधी अ‍ॅप विचारू लागलं, ‘छाटणी कधी झाली?’ उत्तर मिळताच पडद्यावर मोठ्या अक्षरात बागेचे दिवस आणि त्या टप्प्यावरचं पुढचं काम. आणि त्यानंतरच, ‘या प्लॉटला धोका असेल तेव्हा कळवू का?’ अशी परवानगीची विनंती. आता ‘हो’ म्हणण्याला कारण होतं.

आकडेवारीच्या तुकड्याही तशाच बांधल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटलेले प्लॉट एका तुकडीत, दुसऱ्या आठवड्यातले दुसऱ्या. अ‍ॅप कधी घेतलं याला महत्त्व नाही. मग प्रश्न विचारला: ज्या दिवसांत बागेला निर्णय लागतो, त्या दिवसांत या तुकडीतले किती जण आपल्याकडे आले? पोंगा ते सेटिंग या काळात माणूस आठवड्यातून तीनदा यायला हवा, कारण डाऊनीची खरी भीती तेव्हाच. पाणी उतरल्यावर आठवड्यातून एकदा आला तरी पुरे. काढणी संपल्यावर तो आला नाही, तर तो गेलेला नाही. त्याची बाग विश्रांतीत आहे. हे माप लावल्यावर जुना आलेख वेगळाच वाचता आला. फेब्रुवारीतली घसरण बरीचशी नैसर्गिक होती. खरी गळती होत होती पंचवीस ते पंचेचाळीस दिवसांच्या बागांत, नोव्हेंबरमध्ये, जेव्हा आलेख वर होता आणि ऑफिसात सगळे खूश होते. नव्याने येणाऱ्यांच्या गर्दीत जुने जाताना दिसत नव्हते.

सटाणा-देवळ्याकडच्या अर्ली बागांचं तर काहीच दिसत नव्हतं. तिथे फळछाटणी पावसाळ्यातच होते. त्या बागा काढणीला आल्या असताना अ‍ॅप त्यांना छाटणीच्या तयारीचा सल्ला देत होतं. असा सल्ला दोनदा आला की माणूस अ‍ॅप काढून टाकतो, आणि मला विचाराल तर बरोबरच करतो.

सूचनांचं काय केलं ते एका उदाहरणाने सांगते, कारण माझ्या मते या प्रकरणाचं मर्म तिथे आहे. नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाचा अंदाज आला. पूर्वी सगळ्यांना एकच ओळ गेली असती, ‘उद्या पावसाची शक्यता’. ती ओळ फोनमधलं दुसरं कुठलंही अ‍ॅप देतं. आता नुकत्याच छाटलेल्या, अजून न फुटलेल्या बागेला काहीच गेलं नाही. तिथे पानच नाही तर डाऊनी बसेल कशावर? चाळीस दिवसांच्या बागेला गेलं की फुलोऱ्यात पाऊस आहे, गळ आणि कूज होऊ शकते, डाऊनीची फवारणी पावसाआधी की नंतर हे आज ठरवा, आणि मागची फवारणी अमुक दिवशी झाली आहे. पाणी उतरलेल्या अर्ली बागेला गेलं की मणी तडकण्याची भीती आहे, पाणी सांभाळा, आणि काढणी जवळ आहे म्हणून फवारणी करण्याआधी पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं किमान दिवसांचं अंतर, पाहा. पाऊस एक, निरोप तीन, आणि एका गटाला शांतता. ती शांतता टीमला सगळ्यांत जड गेली. पाठवता येत असताना न पाठवणं हे काम वाटत नाही.

चॅनेल तीन केले: बागेचा धोका, नोंदीची आठवण आणि जाहिरात. तिसरा मुळातच बंद ठेवला. ज्याला हवा त्याने चालू करावा. यावर ऑफिसात चांगलाच वाद झाला, कारण कंपनीचं उत्पन्न औषध कंपन्यांच्या जाहिरातींतून येत होतं. माझं मत तेव्हाही ठाम होतं. बागायतदाराला गावातल्या दुकानात सल्ला आणि औषध एकाच काउंटरवर मिळतं, आणि त्या सल्ल्यात विक्री किती हे त्याला नेमकं कळतं. अ‍ॅपनेही तेच केलं तर तो दुकानातच जाईल. दुकानदार निदान उधार देतो.

आता नोंदवहीकडे येते. माणूस एका हंगामापुरता न येता वर्षानुवर्षं राहतो तो हिच्यामुळे, असं मला पूर्ण विचारान्ती वाटतं. नाशिकच्या बागायतदाराला फवारणीची नोंद का लागते, हे २०१० मध्ये सगळ्या जिल्ह्याला कळलं. युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आणि माल नाकारला गेला. वाढ रोखायला वापरलं जाणारं हे संजीवक, आणि बागेत वापरताना त्याचा एवढा विचार फारसा कुणी केलेला नव्हता. निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी, काढणीआधीची रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) तपासणी, ग्रेपनेट या निर्यातीच्या ऑनलाइन नोंदीवरचा माग, पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस केलेल्या औषधांची यादी, म्हणजे अनेक्शर ५, हे सगळं आता निर्यातदार बागायतदाराच्या रोजच्या बोलण्यात असतं. ‘अनेक्शर ५ मध्ये आहे का?’ हा प्रश्न बांधावर विचारला जातो. अमुक औषध कितव्या दिवशी मारलं हे जानेवारीत सांगता आलं नाही, तर कधी कधी सगळा प्लॉट लोकलला, म्हणजे देशातल्याच बाजारात, विकावा लागतो.

अ‍ॅपमध्ये नोंदवही होती, पण भरणारे थोडे. का, ते शेडमध्ये उभं राहिल्यावर कळलं. फवारणी संपते तेव्हा हात औषधाचे असतात, बागेत नेटवर्क धड नसतं आणि फॉर्म एवढा लांब की अर्ध्यात कंटाळा यावा. शिवाय फवारणी करणारा एक, औषध आणणारा दुसरा आणि लिहिणारी बहुतेक ठिकाणी घरातली बाई. पिंपळगावच्या त्या घरात वहीतलं अक्षर काकूंचं होतं. अ‍ॅप मात्र मुलाच्या फोनमध्ये, आणि मुलगा दिवसभर सातपूरला कंपनीत. सूचना त्याला जायची, तो जेवणाच्या सुट्टीत वडिलांना फोन करायचा, वडील संध्याकाळी काकूंना सांगायचे. आकडेवारीत हा मुलगा ‘सक्रिय’ होता, आणि नोंद कोरी.

म्हणून खातं माणसाचं न ठेवता प्लॉटचं केलं. एका प्लॉटला घरातले तीन-चार फोन जोडता येतील. धोक्याची सूचना सगळ्यांना, नोंदीची आठवण जी लिहिते तिलाच. नोंद करायची म्हणजे डब्याच्या लेबलचा फोटो आणि टँकची संख्या, बस. मागचीच फवारणी परत केली असेल तर एकच बटण. नेटवर्क नसलं तरी नोंद फोनमध्ये राहते, मिळालं की वर जाते. आणि नोंद होताच पडद्यावर दिसतं, ‘या औषधाचा पीएचआय अमुक दिवस, या प्लॉटची काढणी त्याआधी नको’. लिहिण्याचा मोबदला तिथल्या तिथे मिळाला. काकूंनी वही सोडलेली नाही, त्या दोन्हीकडे लिहितात. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

यानंतर उन्हाळ्याचा प्रश्न उरतो. अ‍ॅपने गप्प राहायचं ठरवलं तरी फोन गप्प राहत नाही. अँड्रॉइड ११ पासून काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो, आणि १२ पासून अशा अ‍ॅपला झोपवतोच. मग त्याला सूचना येत नाहीत. त्यात लग्नसराईत व्हिडिओ साठून फोन भरला की पहिली कुऱ्हाड न वापरलेल्या अ‍ॅपवर. या लोकांना टीम ‘गमावलेले’ म्हणत असे. त्यांच्याशी बोललो तेव्हा बहुतेकांनी सांगितलं की जागा नव्हती म्हणून काढलं, छाटणीला परत घेऊ.

यावर दोन गोष्टी केल्या. खरड छाटणीलाही शून्यावा दिवस मानलं, कारण एप्रिलमध्ये बाग नव्या काड्या धरते आणि त्याच काड्यांत पुढच्या घडांची निर्मिती होते. सबकेन, शेंडा मारणं, देठ परीक्षण, अशी मोजकीच पण नेमकी कामं त्या काळात असतात आणि त्यासाठी माणूस अधूनमधून येतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची ठरली: अ‍ॅप काढून टाकलं तरी नोंदवही जात नाही. मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला की मागच्या वर्षीचे सगळे प्लॉट, सगळ्या फवारण्या आणि मागची छाटणी कधी होती ते समोर. फोन बदलला तरी तेच. सप्टेंबरमध्ये आठवण द्यायला अ‍ॅपच्या सूचनेवर भिस्त ठेवली नाही. ज्यांनी संमती दिली होती त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एकच निरोप गेला, ‘मागच्या वर्षी ह्या प्लॉटची छाटणी ह्या तारखेला झाली होती. यंदा कधी?’ वर्षभरातला मला सगळ्यांत आवडलेला निरोप हाच. लोकांनी त्याला उत्तरं दिली; कुणी तारीख लिहिली, कुणी ‘यंदा आठ दिवस उशीर करतोय, पाऊस थांबू द्या’ असं लिहिलं.

तिसाव्या दिवसाचा जुना आकडा आजही दिमाखदार नाही, आणि कंपनीने तो पहिल्या पानावरून काढला आहे. त्या जागी आता छाटणीच्या तुकडीप्रमाणे पोंगा ते सेटिंग या काळातली हजेरी आणि मागच्या हंगामातले किती प्लॉट यंदा परत आले, हे दोन आकडे असतात. पैसे लावणाऱ्यांना ते समजावून सांगायला वेळ लागला. त्यांना बागेत नेलं, तेव्हा काम सोपं झालं.

सुटलेलं नाही ते एवढंच की हे सगळं निर्यातदाराला लागू पडतं. जो लोकलला माल देतो, त्याच्याकडे रेसिड्यूचा अहवाल कुणी मागत नाही, म्हणून नोंदवहीत त्याचा जीव रमत नाही. असे लोक डाऊनीच्या दिवसांत येतात आणि सेटिंग झालं की जातात. त्यांच्याशी बोलताना वेगळीच वही समोर आली: व्यापाऱ्याकडून येणं असलेल्या पैशांची. किती कॅरेट गेले, वजन काय भरलं, भाव काय ठरला, किती रोख मिळाले आणि बाकी कधी देणार. ही बाकी बुडण्याची भीती जिल्ह्यात खरी आहे. २०२० साली नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना शेतकऱ्यांचे व्यापाऱ्यांकडे अडकलेले पैसे वसूल करून देण्यासाठी खास मोहीम काढावी लागली होती. सध्या टीम त्यावर काम करते आहे. प्रत्येक तोडीला वजनाच्या पावतीचा फोटो, व्यापाऱ्याचा नंबर, ठरलेली तारीख, आणि पैसे येईपर्यंत चालू राहणारा दिवसांचा आकडा. पहिली चाचणी दिंडोरी तालुक्यातल्या काही लोकल प्लॉटवर येत्या काढणीला आहे.